दोघींचा एक वर्ग

चोआ लोर पदवीच्या मागे लागली त्याला सात वर्षं झाली होती. तिची मुलगी गाओनू त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आली, तरी आईचं आपलं चाललेलंच. सहामाहीला एक कोर्स, फार तर दोन. दिवसा ती लाओसच्या डोंगरांतून अमेरिकेत आलेल्या हमोंग समाजाच्या म्हाताऱ्यांच्या केंद्रात कामाला जायची. त्यांना आंघोळी घालायची, दवाखान्यात न्यायची, डॉक्टरांचं इंग्रजी त्यांच्या भाषेत उलगडून सांगायची. पदवी हातात आली की केंद्राचा कारभार तुझ्याकडे, असं तिथल्या मुख्य बाईंनी कबूल केलं होतं. आता घोडं अडलं होतं दोन कोर्सांवर. विद्यार्थी कुठल्याही शाखेचा असो, पदवीसाठी एक कोर्स अमेरिकेतल्या वेगवेगळ्या समाजांवरचा आणि एक परदेशावरचा घ्यावाच लागे. योगायोग असा, की गाओनूचेही हे दोन सक्तीचे कोर्स अजून व्हायचे होते.

नोव्हेंबरात नावनोंदणी सुरू झाली तशा एका रविवारी दोघी स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसल्या. शेगडीवर डुकराचं मटण उकळत होतं आणि चोआ त्यात घालायला मोहरीचा पाला निवडत होती.

"हमोंग भाषा आणि साहित्य," चोआने वाचलं. "थाओ सर शिकवणार. हा समाजाच्या खात्यात जाईल. आणि आग्नेय आशियाचा इतिहास परदेशाच्या."

"तुला कशाला भाषेचा कोर्स? तुला येते की."

"बोलता येते. धड लिहिता कुठे येते? आणि मी तुझ्यासाठी म्हणतेय. दोघी एकाच वर्गात बसू."

"आई, वर्गात आईला घेऊन कोण येतं?"

"मी मागे बसेन. ओळख दाखवणार नाही."

"आपली आडनावं वेगळी आहेत तेवढं बरंय," गाओनू म्हणाली आणि हसली; चोआ हमोंग रिवाजाप्रमाणे माहेरचंच आडनाव लावायची. मग तिने दोघींची नावं त्या वर्गात घालून टाकली.

त्यांचं बोलणं असंच चालायचं. चोआ हमोंगमध्ये बोलायची, गाओनू इंग्रजीत उत्तर द्यायची. जेवलीस का, बर्फ उपसलास का, गाडीची किल्ली कुठे आहे, एवढं भागायचं. त्यापुढे विषय गेला की दोघींतली एक गप्प व्हायची. चोआने ते कधी फारसं मनावर घेतलं नव्हतं. मग तिचा नवरा गेला. तू वांग हे त्याचं नाव; त्याच्या अंत्यविधीत तीन दिवस गाणी चालली होती. मेलेल्याला त्याच्या राहत्या घरापासून मागे मागे नेत थेट जन्माच्या गावापर्यंत वाट दाखवणारी. गाओनू पहिल्या रांगेत बसून होती. मधेच तिने आईच्या कानाशी लागून विचारलं, "बाबांना आता काय सांगतायत?" चोआने सांगायला तोंड उघडलं, पण तिला त्यातल्या एकाही ओळीचं इंग्रजी सुचेना. "नीट जा म्हणतायत," एवढंच ती बोलली. त्या दिवसापासून ही गोष्ट तिच्या उरावर बसली होती.

नावनोंदणीनंतर पुढच्याच आठवड्यात ती कॉलेजच्या सल्लागार बाईंकडे गेली. लिंडा वोयचिक जात्याच बोलघेवडी, चोआला पहिल्या वर्षापासून ओळखणारी.

"हमोंगचा कोर्स इथल्या समाजांत धरतात आणि आमचा लाओस येतो तो इतिहास परदेशात," चोआ म्हणाली. "म्हणजे आम्ही इथलेही आणि बाहेरचेही?"

"कागदावर तसंच आहे बाई. पण म्हणून एकच कोर्स दोन्हीकडे धरा म्हणशील, तर ते चालत नाही हं." लिंडाने पडद्याकडे पाहिलं आणि तिचा आवाज जरा उतरला. "एक सांगून ठेवते. दहाच्या खाली विद्यार्थी असले, तर यंदा वर्ग चालवणार नाहीयेत. गेल्या वर्षी जर्मन गेलं, फ्रेंच गेलं. तुम्ही दोघी धरून थाओंच्या वर्गात बरोबर दहा झालेत."

"मग झालं तर."

"झालं म्हणायचं," लिंडा म्हणाली.

थाओ सर भेटले ते हमोंग नववर्षाच्या जत्रेत. सभागृहात रिवाजाप्रमाणे समोरासमोर उभं राहून चेंडू झेलणाऱ्या पोरापोरींच्या रांगा लागल्या होत्या, पपईचं तिखटजाळ सॅलड कुटल्याचे आवाज येत होते. सर आता पार वाळले होते, पण सूट कडक इस्त्रीचा. तू वांगशी त्यांचा भावाभावांसारखा घरोबा होता, म्हणून ते चोआला वहिनी म्हणत.

"वहिनी, तुम्ही वर्गात येणार? मग मी शिकवू काय?"

"मला लिहायला शिकवा. हिला बोलायला."

सर गाओनूकडे वळले आणि त्यांनी सावकाश, लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "जेवून झाल्यावर कुठे जाणार, बाळ?"

गाओनूने धीर केला. मी घरी जाणार, असं तिला म्हणायचं होतं. पण हमोंगमध्ये शब्दाचा सूर जरा चढला की अर्थच बदलतो. तिच्या 'जा'चा सूर चढला आणि त्याची मधमाशी झाली. मी घरी मधमाशी, असं ती म्हणाली. भोवतीच्या बायका खो खो हसल्या. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. एका मावशीने तर तिचा गाल कुरवाळला. चोआही हसली. गाओनूसुद्धा हसली, आणि जॅकेट आणायला म्हणून गेली ती गाडीतच जाऊन बसली.

जानेवारीत, कॉलेज उघडायच्या आदल्या शुक्रवारी, ईमेल आलं. विद्यार्थी कमी पडल्यामुळे हमोंगचा वर्ग रद्द झाला होता. चोआने लगेच लिंडाला फोन लावला.

"दहा होते ना?"

"एक नाव निघालं, बाई."

"कोणाचं?"

"ते मला सांगता येत नाही, चोआ. नियम आहे." आणि मग हळूच, "तू घरी बोलून घे."

संध्याकाळी चोआ गाओनूला ती काम करायची त्या कॉफीच्या दुकानावरून आणायला गेली. गाओनू गाडीत बसली. चोआने गाडी सुरू केली नाही.

"वर्ग रद्द झाला," ती म्हणाली.

गाओनूने पट्टा लावता लावता हात थांबवला. "पूर्ण वर्ग?"

"पूर्ण."

"मी इटालियन घेतलं," गाओनू समोरच्या काचेकडे बघत म्हणाली. "उन्हाळ्यात ते रोमला नेतात, त्यात परदेशाचा कोर्सही सुटतो. मी तुला सांगणारच होते. एका नावाने काय फरक पडतो असं वाटलं."

"आणि समाजांचा कोर्स?"

"तो ऑनलाइन करेन." मग ती एकदम आईकडे वळली. "मला नव्हतं बसायचं तिथे, आई. वांग आडनाव, चेहरा असा, आणि तोंड उघडलं की सगळे हसणार. इटालियनमध्ये सगळेच चुकतात. तिथे मला कोणी म्हणणार नाही, तुला तर ही भाषा यायला हवी होती."

चोआला पुष्कळ बोलायचं होतं. मी हसले ते चुकलं, हे सांगायचं होतं. रागही होता, तोही तोलून मापून सांगायचा होता. पण ते सगळं तिच्याकडे एकाच भाषेत होतं, आणि ती बोलली असती तर शेजारी बसलेल्या पोरीपर्यंत त्यातलं निम्मंसुद्धा पोचलं नसतं. "पट्टा लाव," ती म्हणाली.

सोमवारी गाओनू आपणहून कॉलेजच्या कचेरीत गेली आणि माझं नाव परत घाला म्हणाली. वर्गच उरला नव्हता, नाव घालणार कशात? थाओ सरांचा करार त्या एका वर्गापुरताच होता. चोआ त्यांच्या घरी गेली तेव्हा ते पुस्तकं खोक्यांत भरत होते.

"सेंट पॉलला मुलाकडे चाललो, वहिनी."

"घरी शिकवाल का? आमच्याकडे? मी आणखी दोघीचौघी गोळा करते."

"याआधी गोळा केलं नाही का मी?" सर न चिडता म्हणाले. "माझी स्वतःची नातवंडं सेंट पॉललाच आहेत. ती फोनवर मला हॅलो म्हणतात आणि फोन बापाकडे देतात." त्यांनी चोआला भाषेचं पहिलं पुस्तक दिलं आणि दारापर्यंत सोडायला आले. वर्ग कोणामुळे मोडला, ते त्यांनी विचारलं नाही. त्यांना कळलं असणार, असं चोआला घरी येईपर्यंत वाटत राहिलं.

मग दोघींनी घरी करून पाहिलं. रविवारी जेवणं झाली की पुस्तक घेऊन बसायचं. गाओनू खरंच मेहनत घेत होती. पण चोआला शिकवायची हातोटी नव्हती. प्रत्येक शब्दाला ती थांबवायची, परत म्हण, नाही, परत. एकदा गाओनू चुकली आणि चोआने ओठ घट्ट मिटून घेतले. गाओनूने ते पाहिलं.

"हस ना," ती म्हणाली. "हसायचंय तर हस."

"मी हसत नाहीये."

"तेच तर. तू मला घाबरतेस आता."

पुढच्या रविवारी गाओनूला कामावर जायचं होतं. त्याच्या पुढच्या रविवारी कोणीच पुस्तक काढलं नाही.

चोआने आग्नेय आशियाचा इतिहास वर्गात बसून केला आणि समाजांचा कोर्स ऑनलाइन. त्यात हमोंगांवर जेमतेम अर्धं पान होतं. ते तिने बाकीच्या विद्यार्थ्यांसारखंच वाचलं, खालचे प्रश्न सोडवले आणि चांगले गुण मिळवले. मे महिन्यात पदवी मिळाली. गाओनूने तिचे टोपीझग्यातले फोटो काढले. केंद्राचा कारभारही ठरल्याप्रमाणे चोआकडे आला. तिला खोली मिळाली, दारावर नाव लागलं. त्या वर्षी केंद्रातले चार म्हातारे गेले, आणि प्रत्येकाच्या अंत्यविधीत पुढच्या रांगेतली नातवंडं हातातल्या फोनकडे बघत बसलेली तिला दिसली.

रोमहून गाओनू रोज फोन करायची. पहिल्या दिवशी चोआने हमोंगमध्ये विचारलं, जेवलीस का? गाओनू म्हणाली, हो. तिथल्या वर्गातली गंमत ती भरभरून सांगत होती, आणि चोआ हं हं करत होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गाओनू म्हणाली, "आई, तू काहीच बोलत नाहीस."

चोआ खिडकीशी उभी होती. बाहेर शेजारचा माणूस गवत कापत होता. तिने साध्या, पण एवढ्याला पुरे पडेल अशा इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. आज कामावर काय झालं, केंद्रात कोण नवीन आलं, यंदा काकड्या कशा लागल्या. गाओनू खुशीत ऐकत राहिली, मधे मधे प्रश्न विचारत राहिली. इतक्या वर्षांत त्या दोघी कधी इतका वेळ बोलल्या नव्हत्या.

त्यानंतर चोआ तिच्याशी इंग्रजीतच बोलू लागली. ऑगस्टमध्ये गाओनू परत आली, तेव्हाही विमानतळावर चोआने इंग्रजीतच विचारलं, प्रवास कसा झाला. छान झाला, गाओनू म्हणाली आणि बॅग गाडीत टाकली. काही बदललंय, हे तिच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.