बोळ्ळव्वाच्या अंगणातले बार

आमच्या कोडगूत मुलगा झाला की बंदुकीचा एक बार काढतात, माणूस गेलं की लागोपाठ दोन. त्या सकाळी दोन बार ऐकले आणि कॉफीच्या बिया पाखडायचं सूप माझ्या हातातून खाली पडलं. कारण बंदूक घेऊन आमचे जनरलच बाहेर गेले होते, न सांगता.

जनरल म्हणजे माझा नवरा, उत्तय्या. छातीवर पदकांची रांग, आणि निवृत्तीनंतर तोंडातून चार शब्द निघतील तर शपथ! बासष्टच्या लढाईत हे कर्नल होते. शेजारच्या बोळ्ळव्वाचा माचय्या यांच्याच पलटणीत. बाकीच्यांना मागे आणता यावं म्हणून यांनी त्याला चौकी धरून बसायला सांगितलं. तो पडलेला यांनी दुर्बिणीतून पाहिला. प्रेत हाती लागलं नाही, कागदावर ‘बेपत्ता’ लिहिलं गेलं, आणि हे त्याच्या आईपुढे गप्प बसले. एक नाही, दोन नाही, वीस वर्षं.

आदल्या दिवशी मी कडाडलेच. “नव्वदीला टेकलीय ती. वाट बघतच मरू द्यायचंय का तिला? तोफांना भ्याला नाहीत, आणि एका म्हातारीला भिता?”

“थकलोय गं पोन्नू,” एवढंच म्हणाले.

बारांमागोमाग पांढरे कपडे घालून माणसं आमच्याच दारात! “वहिनी, जनरल कधी गेले?” गावाचं काय चुकलं? घरात म्हातारं माणूस आणि या बाजूने आवाज. पण हे घरात नव्हतेच. कुठे असतील, तर बोळ्ळव्वाकडेच. अनवाणी तशीच धावले, माणसं माझ्या मागे.

हे तिच्या पायरीवर बसले होते, मांडीवर बंदूक. जिवंत! दोन मुस्काटात द्याव्यात की मिठी मारावी, मला कळेना.

“बार माझ्या माचय्याचे,” बोळ्ळव्वा लोकांना म्हणाली. “मीच काढायला लावले. याने आज सांगितलं.”

मग ती यांच्याकडे वळली. आवाज चढला नाही तिचा, नुसता दमलेला होता.

“उत्तू, दर सणाला मी त्याचं पान मांडत होते. तू शेजारच्या पानावर बसून जेवायचास रे.”