आंघोळीचं पिंप

बाबांचे सगळे शर्ट मी उलटे शिवते. म्हणजे शिवण बाहेर आणि गुळगुळीत बाजू आत. त्यांच्या अंगावर मानेपासून कमरेपर्यंत फोड येतात, सुकतात, पुन्हा येतात, आणि शिवणीचा साधा धागासुद्धा त्यांना करवतीसारखा लागतो. समोरच्या इस्त्रीवाल्याने एकदा ‘म्हातारबांचा शर्ट उलटा’ म्हणून दात काढले होते. मी माझ्या शिवणाच्या दुकानातून कात्री हातात घेऊनच बाहेर आले. तेव्हापासून तो माझ्याशी फार अदबीने बोलतो.

हे फोड लढाईतले. बाबा सैन्यात पत्र्याचं काम करायचे, म्हणून सोबती त्यांना ‘पत्र्या’ म्हणत. शत्रू जंगलात लपतो, तर जंगलच नको, असं वरच्यांनी ठरवलं आणि झाडांवर विमानांतून औषध मारलं. पानं गळून गेली. औषधाची रिकामी पिंपं छावणीमागे पडून राहायची. जवानांना आठवडेच्या आठवडे आंघोळ नव्हती, अंगाला चिखल आणि डोक्यात उवा. बाबांना ते बघवेना. त्यांनी पिंपं धुतली, कापली, खाली चूल मांडली, बाजूला तोटी बसवली. पाणी तापलं की पळीने पिंपावर तीन ठोके द्यायचे आणि हाक मारायची, “पुढचा या, पाणी तापलंय!” लगेच रांग लागायची. पिंपात काय आलं होतं हे वरच्यांना ठाऊक होतं. खाली कुणी सांगितलं नाही.

पुढे एकेक सोबती आजारी पडत गेला. कुणाचं रक्त नासलं, कुणाच्या हाताला कापरं सुटलं, कुणाची फुप्फुसं गेली. बाबांची बोटं बधिर झाली. पत्रा कागदासारखा कापणाऱ्या माणसाला आता स्वतःचं बटण लावता येत नाही. सरकार बरीच वर्षं कानावर हात ठेवून बसलं होतं. शेवटी औषधाचा दोष एकदाचा मान्य केला आणि या जवानांचा सत्कार ठरला. मी बाबांसाठी गणवेशाच्या रंगाचा कोट शिवला, उलटाच, पण बाहेरच्या शिवणींवर फीत लावून असा नीटनेटका की कुणाची बोट दाखवायची टाप नव्हती.

आणि बाबा म्हणाले, मी येणार नाही.

कारण विचारलं की भिंतीकडे तोंड करायचे. मी समजावलं, रुसले, भांडले. माझा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार. पालथ्या घड्यावर पाणी.

सत्काराच्या दिवशी सकाळी त्यांच्या तुकडीचे आचारी त्यांना न्यायला आले. नाकात नळी, मागे चाकांवर प्राणवायूची टाकी. प्रत्येक पायरीला एक शिवी देत ते जिना चढले आणि दारातच म्हणाले की माझा बंब मी बरोबरच आणलाय, चहा तेवढा तुमचा. मी चहा टाकला. बाबा हसले नाहीत. त्यांनी भिंतीकडचं तोंड वळवलं.

“ते पाणी तुमच्या अंगावर मी ओतलं. माझ्या हाताने. आणि आता मीच जाऊन पदक घेऊ?”

मी कोट घेऊन तशीच उभी राहिले. बादली आपटली की बाबा का दचकतात, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं मी त्यांच्या कातडीचीच काळजी करत बसले होते.

आचारीकाकांनी कप खाली ठेवला. त्यांना एका दमात बोलता येत नाही, तरी ते थांबत थांबत बोलले. “ज्यांनी पिंपं पाठवली त्यांना माहीत होतं. तुला नव्हतं. तू आम्हा सगळ्यांना आधी पाठवायचास आणि शेवटी उरलेल्या गाळात स्वतः आंघोळ करायचास. सगळा दोष तूच घेतलास तर ते सुटले की. इतका उदार होऊ नकोस, पत्र्या.”

बाबांनी माझ्यापुढे दोन्ही हात लांब केले. मी कोट चढवला, बटणं लावली.

सभागृहात सोबती खुर्च्यांवर बसले होते, काही चाकाच्या खुर्चीत. पहिला पुकारा बाबांचाच झाला. ते उठले, चार पावलं चालले आणि मधल्या वाटेत थांबले. मग दाराकडे वळले.

तेवढ्यात आचारीकाकांनी किल्लीने आपल्या टाकीवर तीन ठोके दिले.

ज्या आवाजाला बाबा दचकतात, तोच! मला त्यांचा गळा धरावासा वाटला. पण मागून कुणीतरी काठीने खुर्चीच्या पायावर तीन ठोके दिले, मग आणखी कुणी, आणि सगळं सभागृह ठणठणू लागलं. व्यासपीठावरचे अधिकारी एकमेकांकडे बघत राहिले. चाकाच्या खुर्चीतला एक म्हातारा चिरक्या आवाजात म्हणाला, “काय रे पत्र्या, किती वेळ ताटकळत ठेवतोस? त्या पाण्याखाली मी पहिल्यांदा परत माणसात आलो होतो.”

बाबा वळले. त्यांनी घसा खाकरला आणि मी कधीच न ऐकलेल्या खणखणीत आवाजात हाक दिली.

“पुढचा या, पाणी तापलंय!”

रांग लागली. ज्यांना उभं राहता येत होतं ते उठले, बाकीच्यांना इतरांनी ढकलत आणलं. बाबा व्यासपीठाच्या पायथ्याशी उभे राहिले आणि एकेकाला पुढे सोडत गेले. अधिकाऱ्याने त्यांना आधी यायची खूण केली, तर त्यांनी मान हलवली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसलं नाही. असा माणूस माझा बाप आहे.

सगळ्यांची पदकं झाल्यावर बाबा वर गेले. अधिकारी कोटावर खिसा शोधू लागला आणि हळूच म्हणाला की कोट उलटा घातलाय वाटतं.

“सुलटाच आहे,” बाबा म्हणाले. “लावा.”