बारीक काटे

अंदमानातल्या एका बेटावर हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचा ढीग मी खणला आणि त्यावर पीएचडी मिळवली. हे लोक बारीक मासे खात नव्हते, असं मी त्यात ठासून लिहिलं.

नाताळला खांडबाऱ्याला घरी आले. आईने भाकरीबरोबर नदीतल्या बोटाएवढ्या माशांचं कालवण वाढलं.

"एस्तेर, तुझे ते बेटावरचे लोक काय खायचे गं?"

"शिंपल्या, डुकरं, मोठे मासे."

"आणि बारीक? मोठा मासा काय रोज मिळतो?"

"बारीक काटे सापडलेच नाहीत, आई."

आई जेवत राहिली. तिच्या ताटाच्या कडेला केसासारख्या काट्यांचा लहानसा ढीग झाला होता. खणलेली माती चाळायच्या आमच्या चाळणीची भोकं हरभऱ्याएवढी होती. बारीक चाळणीने वेळ जातो म्हणून मीच मजुरांवर खेकसले होते. खाली पडलेली माती आम्ही रोज समुद्रात लोटून देत होतो.

आणि मी तर हेच मासे खाऊन वाढलेली.

"परत जाऊन बघ ना," आई म्हणाली.

काय बघू? तो ढीग मी तळापर्यंत खणून संपवला होता.