पंखातला गंज

मास्तरांनी ते दोन सीटांचं विमान एकोणीस वर्षं पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं. नजर अधू झाली, परवाना गेला, तेव्हा कुठे त्यांनी ते विकायला काढलं. गिऱ्हाईक मिळालं ते दातांचे एक डॉक्टर. तपासणीला त्यांनी एका मिस्त्रीला आणलं. मिस्त्री मास्तरांच्याच हाताखाली विमानदुरुस्ती शिकलेला.

“खोट काढ,” हँगरबाहेरच डॉक्टरांनी त्याला बजावलं. “म्हातारा किमतीला घोरपडीसारखा चिकटलाय. आमच्या क्लबच्या चारही विमानांचं काम तुझं.”

मिस्त्रीने सकाळभर तपासलं. सिलिंडर, केबली, ब्रेक, टाकी. खोट कसली, विमान नव्यासारखं होतं. शेवटी पंखाखालचं झाकण उघडून त्याने आत आरसा आणि बॅटरी घातली आणि जीभ टाळ्याला लावून ‘च्च’ केलं.

“काय रे?” मास्तर पुढे झाले.

“सर, गंज. पंखाचा कणाच पोखरलाय. हा पंख हवेत कधीही तुटला असता.”

मास्तरांनी आरशात डोकावून पाहिलं. त्यांना नुसतं धुरकट दिसलं. ते स्टुलावर बसले.

“दर रविवारी नातीला घेऊन उडायचो रे मी. परवाना जाईपर्यंत.”

डॉक्टर खाकरले. “असू द्या हो. निम्म्या किमतीत मी नेतो. दुरुस्तीचं माझं मी बघेन.”

“अजिबात नाही. उद्या तुम्ही तुमची माणसं बसवाल यात. जाणूनबुजून मरण विकू मी?”

“दुसऱ्या कुणाला तरी दाखवून घ्या,” डॉक्टर घाईघाईने म्हणाले.

“कशाला? याला मी शिकवलंय. हा म्हणतो म्हणजे आहे.”

मिस्त्रीने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी नजर फिरवली. खरं बोलायला तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मिस्त्री हत्यारं पुसत राहिला.

मास्तरांनी तिथूनच मुलीला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, “माझ्या लेकराला यात बसवत होतात तुम्ही?” फोन कट झाला.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला करवत घेऊन आला. मास्तरांनी मिस्त्रीलाही बोलावून घेतलं होतं. डावा पंख कापला गेला. कापलेला कणा आरपार चकचकीत होता. मास्तरांनी त्यावरून बोट फिरवलं.

“गुळगुळीत लागतंय रे.”

“आतून खातो सर तो. हाताला कळत नाही.”

“तसंच असेल,” मास्तर म्हणाले आणि दुसऱ्या पंखाकडे बोट केलं.

क्लबचं काम डॉक्टरांनी दुसऱ्यालाच दिलं. “नको तितकी खोट काढलीस,” एवढंच बोलले.

दोन महिन्यांनी मिस्त्रीला बाजारात मास्तरांची मुलगी भेटली. तिने भर गर्दीत हात जोडले. “तुमच्यामुळे माझी पोर वाचली. आता बाबांवर भरवसाच राहिला नाही, त्यांच्याकडे मी तिला सोडतच नाही. फार रडतात, दारापर्यंत येऊन परत जातात. पण जीवापुढे काय?”

“बरं करता ताई,” मिस्त्री म्हणाला आणि टोमॅटो निवडू लागला.