राहू द्या तेवढं

मी एक जुना, निम्मे केस झडलेला घासायचा ब्रश आहे. उरलेले केसही एका अंगाला कललेत, कारण मला वापरणारी अक्काबाई घासायची तेव्हा सगळा जोर एकाच बाजूला द्यायची. मित्रांनो, मला बघून कुणी 'वा' म्हणणार नाही. म्हणूही नका. लोकांच्या चुलीमागे आणि संडासाच्या कोपऱ्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला खोटं कौतुक लगेच कळतं.

माझा जन्म कुठल्या गावी झाला ते मला ठाऊक नाही. लाकडाच्या ठोकळ्याला भोकं पाडून त्यात ताठ केस ठोकून बसवले आणि खोक्यात भरून पाठवून दिलं, एवढंच. पहिली आठवण आहे ती बारामतीच्या मंडईजवळच्या एका दुकानाची. तिथे मला सुतळीला उलटं टांगलं होतं. शेजारी कपड्यांचे आणि बुटांचे मऊ ब्रश होते, आणि त्यांची मिजास काय सांगू! मला ते 'खरखऱ्या' म्हणायचे. एक दिवस तेजश्री दुकानात आली. तिने माझ्या केसांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "ह्यो द्या. ह्यो टोचतोय." माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. मऊवाले तिथेच लटकत राहिले.

तेजश्रीचा घरं साफ करून द्यायचा धंदा होता. एक छोटा हत्ती टेम्पो, बादल्या, ॲसिडच्या बाटल्या, आणि हाताखाली अक्काबाई. अक्काबाई बावड्याची, पन्नाशीची. तेजश्री तिला अक्का म्हणायची आणि ती हिला तेजूताई. मालकीण वयाने लहान, कामवाली मोठी, पण दोघींचं जमत होतं. मी अक्काबाईच्या हातात गेलो आणि तिचाच झालो.

तुमच्या घरी पाहुणे येतात ते बाहेरच्या खोलीत बसतात. मी थेट आत जायचो. एका बंगल्यात दारात मोठी रांगोळी आणि फ्रिजमध्ये मागच्या दिवाळीचं काहीतरी, ज्याला आता अंगावर लव आली होती. एका फ्लॅटमध्ये कबुतरांनी गॅलरीत असा थर लावला होता की दार उघडायला तेजश्रीला खांदा लावावा लागला. भाड्याने राहून गेलेल्या पोरांच्या खोल्या, पंख्यावरची चिकट काजळी, ओट्याखाली मेलेली घूस. अक्काबाई नाकाला पदर बांधायची आणि देवाचं नाव घ्यावं तशा शांतपणे म्हणायची, "चला, बसा आता घासत." मी बसायचो. संध्याकाळी फरशीत तोंड दिसायचं. तेजश्री आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो काढायची आणि फोनवर सगळ्यांना पाठवायची. त्या फोटोत मी कधीच नसायचो, पण मला माहीत होतं ना कोणी काय केलंय ते.

आता या धंद्यातला एक नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. प्रत्येक घरात, अगदी प्रत्येक, मालक कुठेतरी आडवा येतो आणि म्हणतो, "राहू द्या तेवढं." कुणाला जुन्या दुधाच्या पिशव्या ठेवायच्या असतात, कुणाला फुटकी बादली, कुणाला दहा वर्षांची वर्तमानपत्रं. तेजश्रीचा नियम होता, 'राहू द्या तेवढं' ऐकायचं नाही. हूं म्हणायचं आणि घासायचं. माळेगावच्या राजलक्ष्मीबाईंनी तर पिशव्यांच्या ढिगावर बैठकच मारली होती. तरी तो ढीग गेला, आणि आठ दिवसांनी त्यांचाच फोन आला की घरात आता श्वास घेता येतोय, तुमचे उपकार झाले. त्यामुळे नियम पक्का झाला. मलाही तो पटला होता. मी तर म्हणायचो, डाग तो डाग, त्याचं काय ऐकायचं?

मग भिगवणचं काम आलं. फोन इंद्रजितचा होता. तो पुण्याला नोकरीला. त्याचे वडील मोहनराव, सगळे त्यांना तात्या म्हणत, साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर नोकरी करून निवृत्त झालेले, आणि बायको गेल्यापासून चार वर्षं घरात एकटे. इंद्रजित वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. महिन्यातून एकदा तो यायचा, धान्य भरायचा आणि घराची दशा बघून डोकं धरायचा. शेजारी वासाची तक्रार करत होते. त्याने वडिलांना निर्वाणीचं सांगितलं होतं, घर साफ करू द्या, नाहीतर वृद्धाश्रमात चला. तात्यांना घर सोडायचं नव्हतं. म्हणून ते साफसफाईला हो म्हणाले.

आम्ही सकाळी पोचलो. तीन खोल्या एकापुढे एक, शेवटी स्वयंपाकघर आणि तिथून एक पायरी खाली न्हाणी. पलंगापासून दारापर्यंत वर्तमानपत्रांचे कंबरेइतके गठ्ठे, भिंतीला लागून एक माणूस जाईल एवढी वाट. तात्यांनी आम्हाला चहा केला. कप हातात देण्याआधी त्यांनी चहात बोट बुडवून बघितलं. तेजश्रीने अक्काबाईकडे पाहिलं, अक्काबाईने तेजश्रीकडे, आणि दोघींनी चहा गुपचूप मोरीत ओतला.

"तात्या, तुमी बाहेर ओट्यावर बसा," तेजश्री म्हणाली. "संध्याकाळी बघा, घर वळखणार न्हाय तुमी."

"व्हय," तात्या म्हणाले. "तीच तर भीती हाय."

आम्हाला ती थट्टा वाटली. अक्काबाई हसलीसुद्धा.

गठ्ठे टेम्पोत गेले. मग भिंतीची पाळी. मित्रांनो, भिंतीवर एक पट्टा होता. तळहाताएवढा रुंद, काळा, तेलकट, कंबरेच्या उंचीवर. पलंगाच्या उशापासून निघालेला, दाराच्या चौकटीला वळसा घालून मधल्या खोलीत, तिथून स्वयंपाकघरात, थेट न्हाणीच्या दारापर्यंत. शिवाय प्रत्येक चौकटीला, त्याच उंचीवर, वाळलेल्या कणकेची एक गोळी चिकटवलेली. न्हाणीच्या पायरीच्या कडेला तीन गोळ्या, एका ओळीत. गॅसच्या एका बटणाला चिंधी बांधलेली, दुसऱ्याला नाही.

मी आयुष्यभर घाण बघितली आहे. घाण कोपऱ्यात बसते, खाली साचते, वाटेल तशी पसरते. ती ओळीने कधी बसत नाही. पहिल्याच गोळीला माझे केस लागले आणि मला कळलं की ही घाण नाही, ही कुणीतरी मुद्दाम ठेवली आहे. पण मी ब्रश. मला थांबता येत नाही.

अक्काबाईचा हात मात्र थांबला. "तेजूताई, ह्यो डाग बग की. असा सरळ कसा गेला असंल?"

"हात पुसत असतील म्हातारे भितीला. घास तू. अजून न्हाणी राहिलीय."

तेवढ्यात तात्या उठून दारात आले. ते आमच्याकडे बघत नव्हते, आवाज येत होता तिकडे तोंड करून उभे होते. हळू म्हणाले, "भिंतीचं राहू द्या तेवढं."

"हूं," तेजश्री म्हणाली, आणि पाण्यात पावडर टाकली.

मी पट्टा घासला. ऑइलपेंटची भिंत होती, छान निघाला. आम्ही न्हाणीपाशी पोचलो तेव्हा तात्यांनी बाहेरूनच पुन्हा विचारलं, "पायरी झाली का? पायरीचं तरी राहू द्या." यावेळी अक्काबाईनेच "हूं" म्हटलं. गोळ्या पाण्याने फुगल्या होत्या. तीन फटक्यांत तिन्ही गेल्या. चिंधी तेजश्रीने कात्रीने कापली.

संध्याकाळी इंद्रजित आला. घर बघून त्याला भरून आलं. "तात्या, बघा तरी," तो म्हणाला. "आई असताना असं दिसायचं."

"छान झालंय," तात्या म्हणाले. ते पलंगाला धरून उभे होते, आणि आम्ही निघेपर्यंत त्यांनी पलंग सोडला नाही. जाताना अक्काबाई म्हणाली, येते तात्या. त्यांनी हात जोडले, ते दाराच्या चौकटीला. अक्काबाई तर खिडकीपाशी उभी होती. टेम्पोत बसल्यावर ती म्हणाली, म्हातारं जरा वेडसर हाय. तेजश्री फोटो पाठवण्यात गुंतली होती. त्या फोटोंना आमच्या सगळ्या कामांत सर्वांत जास्त वाहवा मिळाली.

पाचव्या दिवशी इंद्रजितचा फोन आला. तात्या न्हाणीच्या पायरीवरून पडले होते. खुब्याचं हाड मोडलं. सकाळचे पडलेले, ते संध्याकाळी दूधवाला आला तेव्हा सापडले. दवाखान्यात डॉक्टरांनी डोळे तपासले. काचबिंदू. दोन वर्षांपासून दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं, आणि त्यांनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं. कळलं असतं तर आश्रमात पाठवतील, ही भीती. इंद्रजित रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "मलाच कळलं नाही, तर तुम्हाला कुठून कळणार? आता तात्यांना आश्रमात ठेवतोय. घर भाड्याने द्यायचंय, एकदा परत साफ करून द्या."

आम्ही परत गेलो. घर तसंच चकचकीत होतं, पाच दिवसांत काय घाण होणार? पण पलंगाच्या उशाशी भिंतीला कणकेची एक नवी गोळी होती. दाराच्या चौकटीला दुसरी. मधल्या खोलीच्या चौकटीला तिसरी. स्वयंपाकघराच्या चौकटीला चौथी. आणि न्हाणीच्या पायरीखाली परात उपडी पडलेली, तिच्याशेजारी भिजवलेली कणीक वाळून दगड झालेली. पायरीला एकही गोळी नव्हती. तिथपर्यंत ते पोचले होते, लावायची राहिली होती.

अक्काबाई ओट्याला टेकून खाली बसली. "मला न्हाय जमायचं," ती म्हणाली.

तेजश्रीने मला अक्काबाईच्या हातातून घेतलं आणि चारही गोळ्या स्वतः घासल्या. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात चालत होता. त्या दिवशी तिने फोटो काढले नाहीत.

त्यानंतर अक्काबाई बदलली. प्रत्येक घरात, प्रत्येक डागापाशी ती थांबायची आणि विचारायची, "बाई, हे कशाचं हाय? घासू का ठिवू?" लोकांना हसू यायचं, मग कंटाळा यायचा, मग राग. अर्ध्या दिवसाचं काम दोन दिवस चालायला लागलं. एका बाईने तोंडावर सांगितलं, ह्या मावशींना परत आणू नका. तेजश्रीने चार महिने सांभाळून घेतलं. मग एक दिवस टेम्पोतच म्हणाली, "अक्का, तू आता इस्रांती घे." अक्काबाईने वाद घातला नाही. फक्त मला पिशवीत टाकलं आणि म्हणाली, ह्यो मी नेते.

त्याच दिवशी ती मला घेऊन तात्यांच्या आश्रमात गेली. तिथे सगळं स्वच्छ होतं. दिवसातून दोनदा फरशी पुसत होते, भिंती पांढऱ्या, औषधाचा वास. तात्या पलंगावर बसले होते, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

"कोण हाय?" त्यांनी विचारलं.

"मी अक्काबाई. तुमचं घर घासलं त्ये आमीच."

"हां, हां. काम चांगलं केलं तुमी. कुठं म्हणून बोटाला डाग लागला न्हाय." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. काट्यावर नोकरी केलेला माणूस, कामाला चांगलं म्हणत होता. "हितं कणीक मागितली मी. देत न्हाईत. भिती घाण करता म्हणत्यात. मग बसून असतो. कुणी नेलं तर जातो."

पिशवीवरची अक्काबाईची मूठ आवळली होती, आत माझे केस दुमडले. मग तिने विचारलं, "तात्या, तवा बोलला का न्हाई ओ? येक शब्द तरी बोलायचा."

तात्यांनी तिच्या आवाजाकडे तोंड वळवलं.

"बोललो की, बाई," ते म्हणाले. "राहू द्या म्हणलं. दोनदा म्हणलं."

मित्रांनो, आता मी अक्काबाईच्या मोरीच्या कट्ट्यावर पडून असतो. ती मला पाण्यात घालत नाही आणि टाकूनही देत नाही. तेजश्रीने नवा ब्रश घेतला आहे, तोही टोचणारा आहे, आणि तिचा नियम अजून तोच आहे. भिगवणच्या त्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं, भिंतीला नवा रंग आहे. काहीच दुरुस्त झालेलं नाही, आणि होईल असं मला वाटतही नाही. माझं मागणं एवढंच आहे. तुमच्या घरातलं कुणी म्हातारं माणूस एखाद्या घाणेरड्या वस्तूपाशी उभं राहून 'राहू दे तेवढं' म्हणालं, तर 'हूं' म्हणू नका. आधी त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, का म्हणून. मला त्या भिंतीपाशी विचारायचं होतं, पण मला तोंड नव्हतं.