लहरीबुवांची अभेद्य पेटी

“मला पोहायला शिकायचं होतं, पण घरात विचारायचं धाडस झालं नाही.”

आमच्या दवाखान्याच्या मोठ्या खोलीत लहरीबुवांनी डोळे मिटून हे वाक्य म्हटलं. दुसऱ्या रांगेतल्या सिस्टर तोंडावर हात धरून उभ्या राहिल्या. “माझं आहे ते,” त्या म्हणाल्या, “मीच लिहिलंय.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तीस वर्षं इंजेक्शनं देणाऱ्या या बाईला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की भिंतीवरचा वजन-उंचीचा तक्ता हलला.

बुवांचं खरं नाव काहीही असो. दर दोन वाक्यांमागे ‘लहर’ म्हणायचे, म्हणून हे नाव मी ठेवलं. जटा नव्हत्या, भस्म नव्हतं; कडक इस्त्रीचा कोट होता आणि टेबलावर निळा दिवा लुकलुकणारी काळी पेटी होती.

“साधा संगणक एकेक किल्ली लावून बघतो. जन्म जाईल त्याचा!” बुवा सांगत होते. “क्वांटम संगणक एका लहरीत सगळ्या किल्ल्या फिरवतो. आमचा संगणक दूर बर्फाच्या गुहेत निजलाय. ही पेटी त्याच्याशी लहरीने बांधलेली आहे. वायर नाही, इंटरनेट नाही. फक्त लहर!”

गुहेत निजलेला संगणक! पूर्वी तिथे ऋषी निजायचे.

पण मला हसू येत नव्हतं, त्याला कारण होतं. आमचा दवाखाना अशा आजारांचा आहे, ज्यांची नावं लोक घरातही दबक्या आवाजात घेतात. अकरा हजार माणसांच्या फायली आमच्या संगणकात कुलूपबंद आहेत आणि ते कुलूप सांभाळणारी मी. मला सगळे रेकॉर्डबाई म्हणतात. त्या अकरा हजारांत एक फाइल माझीही आहे. ज्या डॉक्टरांना ते ठाऊक होतं ते केव्हाच निवृत्त झाले.

आणि भीती खोटी नव्हती, हीच तर पंचाईत. कुलूपबंद फायली आज कुणी चोरून ठेवल्या आणि पंधरा-वीस वर्षांनी खरोखरच दांडगा क्वांटम संगणक निघाला, तर आजची पुष्कळशी कुलपं त्याच्यापुढे टिकणार नाहीत. हे जाणकारही सांगतात. बुवांनी तेवढं खरं उचललं आणि त्यावर आपला तंबू ठोकला.

त्यांची ही ‘अभेद्य पेटी’ म्हणे कुलपं फोडायची तशी घालायचीही, आणि तिचं कुलूप क्वांटमलाही दाद देत नव्हतं. ती फुकट मिळणार होती, सेवा म्हणून. आम्ही फक्त सगळ्या फायली आणि त्या उघडायचा मुख्य पासवर्ड त्यांच्या हवाली करायचा. पेटीच्या आत काय आहे ते विचारायचं नाही. “पद्धत सांगितली की पद्धत मेली!” असं बुवा म्हणाले आणि आमचे व्यवस्थापक साहेब मान डोलावत राहिले. जेवणाच्या सुट्टीनंतर ते सही करणार होते.

त्याआधी आमची कुलपं किती कच्ची आहेत हे दाखवायला हा खेळ. आम्हा सात जणांनी मनातलं एकेक वाक्य आमच्याच संगणकावर टाइप करून कुलूपबंद केलं. कागदावर निघाला नुसता अक्षरा-आकड्यांचा काला. तो पाकिटावर चिकटवायचा आणि मूळ वाक्याची चिठ्ठी आत बंद करायची, नंतर ताळा बघायला. बुवा एकेक पाकीट पेटीवर ठेवत, पेटी गुणगुणे, बुवा वाक्य सांगत. वाक्याचा धनी उठून “माझं!” म्हणे. मग बुवा पाकीट फोडून चिठ्ठीवर नजर टाकत, “अक्षरशः बरोबर!” म्हणून ती पालथी ठेवत आणि पुढचं पाकीट घेत.

पाकिटं मी गोळा केली होती. माझ्या हातात आलेल्या कागदावर मी पेन्सिलने बारीक क्रमांक टाकते; ती माझी खोडच आहे. सिस्टरांच्या पाकिटावर दोन होता. पण सिस्टर रडल्या तेव्हा पेटीवर होतं सहा नंबरचं पाकीट, फार्मासिस्टचं.

आधी वाटलं, माझीच चूक झाली. मग स्वतःचाच राग आला. एकोणीस वर्षांत माझा क्रमांक चुकलेला नाही, तो आजच बरा चुकेल! मी पुढे सरकून बघायला लागले. फार्मासिस्टचं वाक्य निघालं तेव्हा पेटीवर तीन नंबर होता. तीनचं निघालं तेव्हा सात, म्हणजे माझं.

आणि माझं वाक्य निघालं तेव्हा पेटीवर साहेबांचं पाकीट होतं. बुवा हसून म्हणाले, “कुणीतरी शंकेखोर आहे हं. लिहिलंय, ‘या पेटीची वायर कुठे जाते?’” सगळे खो खो हसले. मीही उठून हसत “माझं” म्हटलं. पण नजर पाकिटावरच्या क्रमांकावर होती.

सुट्टी होताच मी रेकॉर्डच्या खोलीत गेले, दार लावलं आणि नणंदेला फोन करून सकाळचा सगळा प्रकार सांगितला. ती कॉलेजात गणित शिकवते.

“वहिनी, असा संगणक आज कुणाकडेही नाही,” ती म्हणाली. “आणि ज्याच्याकडे असेल तो तुमची पाकिटं कशाला फोडत बसेल?”

“पण वाक्यं बरोबर निघाली गं. सिस्टर रडल्या.”

“पाकिटं ओळीने सांग बरं. कुठलं पेटीवर आणि कुठलं वाक्य.”

मी सांगितलं. मग ती इतकी जोरात हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. “एक घर पुढे चाललाय गं तो! दर वेळी आधी फोडलेल्या चिठ्ठीतलं वाक्य सांगतोय. ताळा बघायच्या निमित्ताने पुढचं वाचून घ्यायचं, की झालं. जादूचे प्रयोग करणारे हेच करत आलेत.”

“मग पहिलं वाक्य? तेव्हा तर काहीच फोडलं नव्हतं.”

“पहिलं कुणी म्हटलं ‘माझं’?”

आमच्या संगणक दुरुस्तीवाल्याने. तोच बुवांना घेऊन आला होता. आणि त्याचं पाकीट सगळ्यांत शेवटी पेटीवर गेलं होतं; त्याचं वाक्य दोघांनी आधीच ठरवलेलं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि पाठोपाठ संताप. इतका संताप मला कित्येक वर्षांत आला नव्हता.

“आणि ती पेटी?” मी विचारलं.

“वहिनी, क्वांटमपुढे टिकतील अशी नवी कुलपं खरंच निघालीत. पण ती कशी बनलीत हे जगजाहीर आहे. कुणीही वाचावं, कुणीही फोडून बघावं. जगभरचे गणिती वर्षानुवर्षं त्यांच्यावर घण घालतायत. एक नावाजलेलं कुलूप तर निवडचाचणीच्या शेवटच्या फेऱ्यांपर्यंत पोचलं आणि मग एका साध्या संगणकाने ते तासाभरात फोडलं. कुणी झाकून ठेवलं नाही, सरळ बाद केलं. गुप्त ठेवायची ती फक्त किल्ली. हा बाबा कुलूप लपवतोय आणि किल्ली तुझ्याकडे मागतोय. मुलखाचा उलटा कारभार!”

मी बाहेर येऊन सिस्टरांना गाठलं. चहाचा पेला हातात धरून त्या एकट्याच बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी पेला खाली ठेवला.

“म्हणजे त्याने माझी चिठ्ठी नुसती वाचली?”

“हो.”

“आणि मी सगळ्यांसमोर रडले.” त्यांचा चेहरा लाल झाला. “काय करायचं ते सांग. मी आहे.”

सुट्टीनंतर साहेबांनी पेनाचं टोपण काढलं तशी मी उठले. “सही करण्याआधी दोन मिनिटं, साहेब. मलाही लहर आली आहे.”

हशा पिकला. मी सगळ्यांना तशीच नवी पाकिटं करायला लावली. पेटीऐवजी रुग्णांचं वजन करायचा काटा खोलीच्या मधोमध ओढून आणला. पहिलं पाकीट त्यावर ठेवलं, डोळे मिटले, चांगली दहा सेकंदं गुणगुणले आणि म्हटलं, “मला खोटं बोलणाऱ्या माणसांचा राग येतो.”

“माझं!” सिस्टर गरजल्या.

मी पाकीट फोडलं, “अक्षरशः बरोबर!” म्हटलं आणि दुसरं ठेवलं. “गेल्या महिन्यात संगणक बंद पडले तेव्हा मी जिन्यात जाऊन रडलो.”

साहेबांच्या हातातलं पेन खाली पडलं. “तुम्हाला... कसं...”

“काट्याने सांगितलं, साहेब. बर्फातल्या गुहेशी बांधलाय तो.”

तिसऱ्याला फार्मासिस्ट ओरडला, चौथ्याला कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. सगळे आ वासून काट्याकडे बघत होते. मग मी पाकिटं पसरली, क्रमांक दाखवले आणि पितळ उघडं पाडलं. सिस्टरांची आणि माझी मसलत होती, त्यांचं पाकीट मी तळाशी ठेवलं होतं, आणि बाकी प्रत्येक चिठ्ठी मी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फोडून वाचली, एवढीच काय ती विद्या. “कुलूप कुणी फोडलंच नाही. आपणच ताळ्याच्या नावाखाली चिठ्ठ्या हातात दिल्या.”

सगळ्यांच्या नजरा दुरुस्तीवाल्याकडे वळल्या. त्याला अचानक खोकला आला.

मी बुवांसमोर काल्याचा एक नवा कागद ठेवला. “हे वाचा. चिठ्ठी माझ्या मुठीत आहे, ती तुम्हाला लागणार नाही. यंत्र तर काला वाचतं ना?”

“शंकेने लहर गढूळ होते, बाई.”

“मग चोर शंका घेत घेत आला तर तुमची पेटी गढूळ होणार का?”

फार्मासिस्ट हसता हसता खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. बुवांनी निळा दिवा बंद केला आणि पेटी पिशवीत कोंबायला लागले.

पण साहेब खजील झाले होते आणि खजील झालेला साहेब लवकर माघार घेत नाही. “खेळ खोटा असेल,” ते म्हणाले, “पण भीती तर खरी आहे ना? काही नसण्यापेक्षा पेटी बरी. फुकट तर मिळतेय. आणि बाई, तुमचा एवढा जीव का वरखाली होतोय? असं लपवण्यासारखं काय आहे त्यात?”

मी ठरवलं नव्हतं, पण बोलून गेले.

“माझी फाइल आहे त्यात.”

सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या.

“आजार कोणता, कधी झाला, ते विचारू नका. मी सांगणार नाही. तुम्हाला नाही, यांना नाही, पंधरा वर्षांनी येणाऱ्या कुठल्याही यंत्राला नाही. लपवण्यासारखं आहे, आणि लपवायचा मला हक्क आहे. इथे येणाऱ्या प्रत्येकाला आहे. भीती खरी आहे म्हणूनच इलाज खरा हवा. क्वांटमपुढे टिकणारी कुलपं आहेत. त्यांचं गणित उघडं आहे, ती बसवायला माझी नणंद आणि तिचे सहकारी येतील, आणि काय केलं ते तुमच्यासमोर फळ्यावर मांडतील. उद्या त्यातलंही एखादं फुटलं तर साऱ्या जगाला कळेल आणि आपण ते बदलू. या पेटीचं काही फुटलं तर फक्त या माणसाला कळेल. पासवर्ड माझ्याकडे आहे. तो मी देत नाही. नोकरीवरून काढायचं तर काढा.”

साहेबांनी खाली पडलेलं पेन उचलून त्याला टोपण लावलं. मग सहीचा कागद घेतला आणि चार तुकडे केले. “तुमच्या नणंदबाईंना सोमवारी बोलवा,” ते म्हणाले. “मलाही समजेल असं सांगायला सांगा.”

दारातून बुवा ओरडले, “पस्तावाल! जग लहरीवर चाललंय!”

चालू दे. वाचकहो, असे बुवा आता जटा वाढवत नाहीत, नवे शब्द पाठ करतात. शब्द कळला नाही म्हणून लाजू नका आणि मान तर मुळीच डोलावू नका. न समजणाऱ्या गोष्टीपुढे हात जोडायचे नसतात, हात वर करून प्रश्न विचारायचा असतो. सोमवारी फळ्यावर गणित मांडलं जाईल तेव्हा मला त्यातलं निम्मं कळणार नाही, हे मी आत्ताच कबूल करते. तरी मी पहिल्या रांगेत बसणार आहे, आणि कळेपर्यंत विचारणार आहे.