रिकामे रकाने

मोहफुलांचा हंगाम आटोपला आणि गुलशनसेठनं दीप्तीच्या टेबलावर तीन रंगीत पत्रकं आणून टाकली.

"तीन कंपन्या आहेत. तिघांचंही सॉफ्टवेअर महिनाभर फुकट चालवता येते. तू चालवून बघ आणि सांग, कोणतं घ्यायचं ते. माझ्यासारख्याला समजलं पाहिजे, बस. मला गणित नको, चित्र पाहिजे."

सेठचा गोंदियात वनोपजाचा धंदा होता. मोहफूल, लाख, हिरडा, बेहडा असा माल तो जिल्ह्यातल्या आपल्या केंद्रांवर विकत घेई आणि पुढे पाठवी. दीप्ती रामटेके संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली. जवळच्या मुर्री गावाहून रोज स्कूटीनं येई आणि केंद्रांकडून आलेले आकडे कॉम्प्युटरवर चढवी.

दारापर्यंत गेलेला सेठ परत फिरला. "आणि नमुन्याला यंदाच्या मोहाचेच आकडे घाल. रोजच्या सरासरीत जे सेंटर सर्वांत खाली येईल ते बंद करायचं आहे. दोन्ही कामं सोबतच होऊन जातील."

दीप्तीला पहिल्यांदा देवरी आठवलं. तिथलं केंद्र दुर्गा मडावी चालवायची. बी.एस्सी.ला दोघी प्रयोगशाळेत एकाच टेबलावर असायच्या. दुर्गाचं नाव सेठला सुचवलं तेही दीप्तीनंच. दुर्गाच्या अंगणातच वजनकाटा होता आणि तिचं घर त्यावर चालत होतं. तो काटा यायच्या आधी आसपासच्या गावांतल्या बाया व्यापाऱ्याच्या टिनाच्या डब्यानं मोह मोजून द्यायच्या. तो डबा तळाशी किती चेपलेला आहे, हे व्यापाऱ्यालाच ठाऊक असे.

पण देवरी तळाला जाईल असं काही तिला वाटलं नाही. माल चांगला येत होता.

तिनं कामाला सुरुवात केली. एकच तक्ता तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये घालायचा आणि काय निघतं ते बघायचं. बेंगळुरूच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरला देवनागरी वाचता येईना. गावांच्या नावांच्या जागी नुसते चौकोन उमटले. ते पहिल्याच दिवशी बाद झालं. हैदराबादचं दिसायला रुक्ष होतं आणि प्रत्येक पायरीवर प्रश्न विचारायचं, पण त्याचा हिशेब चोख होता. पुण्याचं मात्र देखणं. जिल्ह्याचा नकाशा, प्रत्येक केंद्रावर एक गोल. चांगलं चाललं तर हिरवा, बरं चाललं तर पिवळा, नाहीतर लाल. मोबाईलवरही दिसायचं.

हैदराबादच्या यादीत देवरी वरून दुसरं आलं. पुण्याच्या नकाशावर देवरीचा गोल लाल होता. सगळ्यांत खाली.

आपलंच काही चुकलं असेल म्हणून दीप्तीनं तक्ता पुन्हा घातला. पुन्हा तेच आलं. मग तिनं देवरीची ओळ डावीकडून उजवीकडे नीट वाचली आणि तिच्या ध्यानात आलं. मधले कितीतरी रकाने रिकामे होते. हैदराबादचं सॉफ्टवेअर ते वगळून सरासरी काढत होतं. पुण्याचं तिथं शून्य धरत होतं.

तिनं दुर्गाला फोन लावला.

"रकाने रिकामे काऊन आहेत गं?"

"गावबांधणीची पूजा होती ना त्या दिवशी," दुर्गा म्हणाली. "एकेका गावाची येगयेगळ्या दिवशी असते, अन् एकाची असली का आसपासची सारीच गावं पाळतात. त्या दिवशी शिवेच्या बाहेर पानही नेत नाही कोणी. मोह कोण आणन?"

"मग तिथं काही लिहायचं तरी!"

"काय लिहू? शून्य? बाया काट्याजवळ बसून पाहून राहतात मी काय लिहितो ते. मोह टपकून राहिला असताना शून्य मांडलं त झाड आटते म्हणतात. म्या नाही मांडत बा. सोडून देतो." मग ती हसली. "काऊन, तुया मशीनले राग आला का?"

दीप्तीनं तिला लाल गोलाचं आणि तळाचं केंद्र बंद होणार असल्याचं सांगितलं. दुर्गाचं हसणं थांबलं.

"पण तोललंच नाही त्या दिवशी," ती सावकाश म्हणाली. "हमालही नव्हता लावला. खर्च कायचा?"

बरोबर होतं. देवरीला गोदामाचं भाडं नव्हतं, हमाल रोजीवर असायचा. काटा बंद असेल त्या दिवशी सेठला काहीच लागत नव्हतं. न मोजलेलं आणि मोजून शून्य आलेलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दीप्ती पहिल्या वर्षाला शिकली होती.

तिनं पुण्याच्या माणसाला विचारलं. तो फोनवर फार अदबीनं बोलला. "मॅम, रिकामं म्हणजे शून्यच धरलं जातं. ते बदलता नाही येणार."

पलीकडच्या टेबलावरून मुनीम केवलराम ऐकत होते. "एवढा कायले विचार करून राहिल्या बाई? आदल्या दिवसाचाच आकडा टाका त्या घरात. कोण पाहते?"

"आणि गोदामात तेवढा माल भरला नाही तर? चोर कोण ठरेल, काका?"

केवलरामांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

शेवटी दीप्तीनं अहवाल लिहिला. किंमत, वेग, भाषा, मोबाईल अशी सगळी तुलना मांडली आणि रिकाम्या रकान्यांसाठी एक वेगळा परिच्छेद केला. शिफारस हैदराबादची केली.

सेठनं अहवालाची पानं मागं-पुढं केली आणि बाजूला ठेवली. त्याच्या हातात मोबाईल होता, मोबाईलवर नकाशा होता.

"ये बढिया है. माझा पोरगाही समजला एका मिनिटात. लाल मतलब घाटा."

"सेठ, तो लाल खरा नाही. त्या दिवसांत देवरीचा काटाच बंद होता."

"मग माल आला का?"

"नाही."

"मग शून्यच ना?"

"त्या दिवशी खर्चही नव्हता, सेठ. काटा लागला त्या दिवसांचीच सरासरी धरली तर..."

सेठनं मोबाईल उलटा करून टेबलावर ठेवला. तो चिडला नव्हता. उलट आवाज मऊच होता. "दीप्ती, एक बात बता. देवरी तुझ्या मैत्रिणीचं सेंटर आहे ना?"

 हो म्हणावं तर पुढचं सगळं खोटं ठरत होतं, आणि नाही म्हणता येत नव्हतं.

"बेटा, म्हणूनच तर मशीन पाहिजे," सेठ म्हणाला. "मशीनला कोणी मैत्रीण नसते."

पुण्याचं सॉफ्टवेअर आलं. ते शिकवायला आलेल्या मुलानं दीप्तीच्या तक्त्यांची तारीफ केली.

देवरीचं केंद्र बंद झालं तरी काटा दुर्गाच्या घरीच राहिला होता. पुढच्या वर्षी मोह टपकायला लागला तेव्हा सेठला तो दुसऱ्या केंद्रावर हवा झाला. दुर्गा बसनं तो घेऊन आली. चुंबळीवर ठेवून आणला असावा. केसांना सुतळीचे धागे चिकटले होते.

"कशी आहेस?" दीप्तीनं विचारलं.

"बरी आहो. धान कापाले गेलतो दिवाळीत, आता रस्त्याच्या कामावर जातो."

"आणि बाया?"

"व्यापाऱ्याचा डब्बा आला ना परत." दुर्गा टेबलाकडे बघत होती. "तू म्हणालतीस सेठले, का काटा बंद होता म्हणून?"

"म्हणाले होते."

"मंग?"

दीप्तीनं नकारार्थी मान हलवली. 

"चालू आहे का पाहू द्या बापा," म्हणत केवलरामांनी काटा फरशीवर ठेवला आणि वायर जोडली. काटा पिक्-पिक् वाजला. लाल आकडे थरथरले आणि स्थिर झाले.

"बरोबर आहे," केवलराम खाली वाकून म्हणाले. "शून्य दाखवून राहिला."

दुर्गानं झटकन तोंड फिरवलं. भिंतीकडे बघत तिनं विचारलं, "देवरीची बस किती वाजता आहे?"